हरणांची नावं

पहिलं हरीण दारात आलं ते भर दुपारी. हिवाळ्यातली दुपार ती, उजेड असून नसल्यासारखा, आणि त्यात धुकं असं उतरलेलं की शेजारच्या घराचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं. मावरा चुलीपाशी पिठाचे गोळे तळत होती. तिची सासू उस्तिन्या खिडकीशी बसून गवताची टोपली विणत होती. विणता विणता म्हातारीने मान वर केली आणि कामावरून कोणी घरी यावं तितक्या सहज म्हणाली, "मावरा, दार उघड गं. फेओफान आलाय."

मावराच्या हातातला झारा तसाच राहिला. फेओफान म्हणजे तिचा नवरा, म्हातारीचा एकुलता एक मुलगा. युद्धाच्या काळात समुद्रापलीकडच्या परक्या मुलखात त्याला पुरून दोघी परत आल्या होत्या.

"आई, काय बोलताय हे?"

"दार उघड म्हटलं ना. थंडीत उभं राहिलंय पोर."

मावराने दार उघडलं. पायरीपाशी एक मोठा नर उभा होता. शिंगं गळून गेलेली, बरगड्या वर आलेल्या, डावा कान फाटलेला. बेटावरची ही हरणं नावालाच पाळलेली. माणूस दिसला की टेकडी ओलांडून पळायची. हा मात्र हलला नाही. मावराकडे बघत राहिला. मग त्याने एक पाय मागे घेतला, आणि पायातून आवाज आला, टक्. कोणी बोट मोडावं तसा. या जातीच्या हरणांचे पाय चालताना वाजतातच. फेओफान कळप घेऊन उतरायचा तेव्हा हजार बोटं मोडल्यासारखा तो आवाज लांबूनच कानावर यायचा, आणि मावरा चहाचं पाणी ठेवायची. आज तोच आवाज एकटा, दारात. 

मागून उस्तिन्या आली. तिच्या हातात गवताची पेंडी होती. समुद्रकाठचं ते उंच गवत म्हातारी उन्हाळा सरता सरता स्वतः कापून आणायची, सावलीत वाळवायची आणि नखाने चिरून त्याचे दोऱ्यासारखे पदर करायची. त्याला ती कोणाला हात लावू द्यायची नाही. ती पेंडी तिने पायरीवर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "सावकाश खा."

हरणाने गवत खाल्लं. मग अर्धवट विणलेली टोपलीसुद्धा म्हातारीने त्याच्यापुढे ठेवली. त्याने तीही खाल्ली.

---

ही हरणं सरकारी जहाजातून बेटावर उतरली तेव्हा उस्तिन्या तरुण होती. उन्हाळ्यातला सीलचा हंगाम संपला की हिवाळाभर लोकांना खारवलेलं मांस खावं लागायचं, म्हणून सरकारने रेनडियर आणून सोडले. मूठभर जनावरं. बेटावर लांडगा नाही, अस्वल नाही. आणि टेकड्यांवर दगडफूल असं माजलेलं की पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत जायचा. पांढरट, उशीसारखं मऊ, पिढ्यान्‌पिढ्या कोणी न खाल्लेलं. हरणांनी ते खाल्लं आणि ती वाढली. पाडसांना पाडसं झाली. फेओफान जाणता झाला तेव्हा राखण्याचं काम त्याच्याकडे आलं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात त्याने मावराला कड्यावर नेऊन समोरची टेकडी दाखवली होती. टेकडी हलत होती.

"बघ, माझा डोंगर चालतो," तो म्हणाला होता.

तेव्हा सगळ्यांनाच अभिमान होता. साहेब लोक पाहुण्यांना कळप दाखवायला न्यायचे. लग्न असो, नामकरण असो, दोन-तीन हरणं पडायची आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. आपल्या डोक्यावरचे केस कधी विरळ झाले हे जसं कळत नाही, तसं टेकड्यांवरचं दगडफूल कधी विरळ झालं हे कोणालाच कळलं नाही. फेओफानलाही नाही.

मग युद्ध आलं. पश्चिमेकडच्या बेटांवर जपानी बाँब पडले आणि सरकारने अख्खं गाव जहाजात भरलं. माणशी एक बोचकं. हरणं मागे राहिली, चुलीवरची भांडी मागे राहिली. त्यांना नेऊन टाकलं ते दूर दक्षिणेला, मासळीच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात. सभोवार जंगल. ज्यांच्या बेटावर एक झाड नाही त्या लोकांना तिथे आभाळ दिसेना. छप्पर गळायचं, पाणी वाईट, आधी गोवर आला आणि मग खोकला. पोरं गेली, म्हातारे गेले. शेजारच्या आगाफोनची मुलगी झोया गेली, आणि तिच्यामागोमाग तिची आई. दुसऱ्या हिवाळ्यात फेओफान गेला. मरताना त्याला ताप होता. "वारा कुठल्या बाजूचा आहे?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तिथे झाडांमुळे वारा लागतच नव्हता.

परत आले तेव्हा घरांची दारं मोडलेली होती, सैनिक राहून गेले होते. आणि टेकड्या काळ्या पडल्या होत्या. जिथे पांढरं होतं तिथे खडी आणि उघडी माती. हरणं होती, पण थोडी, आणि ती खडीत तोंड घालून उभी असायची. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. जो तो आपल्या घरात कोण उरलंय ते बघत होता.

---

फाटक्या कानाचा नर रोज येऊ लागला. आठवड्याभरात आणखी आली. धुक्यातून ती कधी यायची ते दिसायचं नाही. आधी पायांची टकटक ऐकू यायची, आणि मग एखाद्या घराच्या भिंतीशी काळसर काहीतरी उभं असायचं. ती ओरडत नव्हती, काही पाडत नव्हती. नुसती उभी राहायची. एकमेकांची गळालेली शिंगं चघळायची. स्मशानातल्या लाकडी क्रुसांना अंग घासायची.

उस्तिन्या काठी टेकत गल्लीतून जायची आणि प्रत्येकापाशी थांबायची. "हा वासिलिसाचा म्हातारा. बघ कसा मान वाकडी करतो." "हा इग्नाती, चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचा तो." तिचं म्हणणं साधं होतं. ज्यांना तिकडे पुरलं त्यांना ती माती मानवली नाही. समुद्र ओलांडायला त्यांच्याकडे होडी नव्हती, म्हणून जे अंग इथे मिळालं त्यात ते आले. आले तर आले, पण खायला काही नाही. म्हणून आपल्या दारात आले. जाणार कुठे?

गाव आधी हसलं. सगळ्यांत जास्त आगाफोन हसला. तो फेओफानचा जिवलग दोस्त, सील मारण्यात पटाईत, आणि तोंडाचा फटकळ.

"वहिनी, ऐकलंत का," तो मावराला म्हणायचा, "काकू आजवर माणसांना नावं ठेवायच्या, आता हरणांना ठेवायला लागल्या!"

"तुलाही ठेवीन, थांब," उस्तिन्या आतून ओरडायची.

"ठेवा की. चांगलं धष्टपुष्ट नाव ठेवा. या हाडकुळ्यांमध्ये माझी भर नको."

पण हसणं हळूहळू कमी झालं. वासिलिसा एक दिवस पाव घेऊन बाहेर आली आणि मान वाकडी करणाऱ्या हरणापुढे धरून उभी राहिली. मग आणखी कोणी गादीतलं गवत काढून टाकलं. कोणी काही कबूल करत नव्हतं. पण कोणी त्यांना दगडही मारत नव्हतं.

त्या हरणांत एक छोटी मादी होती. या जातीच्या माद्यांनाही शिंगं असतात; तिला एकच होतं, उजवीकडचं. ती नेहमी आगाफोनच्या घराच्या मागच्या भिंतीशी उभी राहायची. उस्तिन्याने तिला झोया म्हटलं. आगाफोनसमोर नाही, एकदाच, वासिलिसाशी बोलताना. पण एवढ्याशा गावात गोष्ट किती वेळ लपणार?

आगाफोन त्यानंतर उस्तिन्याच्या दाराशी थट्टा करायला आला नाही.

---

नवीन सरकारी साहेब मनाने वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही जनावरं हिवाळा काढणार नाहीत. कुजून जाण्यापेक्षा लोकांच्या पोटात गेलेली बरी. बंदूक घेऊन कोण जातंय?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. साहेबाला कळेना. हंगामात दिवसभर सील सोलणारे हे लोक, यांना आज काय झालं?

"मी जातो," आगाफोन म्हणाला. "वेड्यांच्या गावात एक तरी शहाणा असू दे."

तो धुक्यातच गेला. संध्याकाळी घसरगाडीवर मांस घेऊन परतला आणि घरोघरी वाटलं. कोणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी ते घेतलं, पडवीत टांगलं आणि तसंच राहू दिलं. मावरानेही टांगलं. येताजाता ते हलताना दिसायचं. लाल, कोरडं, चरबीचा टिपूस नाही.

फक्त आगाफोनच्या धुराड्यातून रश्शाचा वास आला.

काही दिवस तो दिसला नाही. मग एका दुपारी त्याने दार वाजवलं. मावराने उघडलं तर तो ओळखू येईना. दाढी वाढलेली, गाल बसलेले. टोपी हातात धरून तो उस्तिन्यापुढे उभा राहिला.

"वहिनींना जरा बाहेर पाठवा, काकू."

"ती कुठे जाईल या धुक्यात? बोल तू."

आगाफोनने बराच वेळ टोपी चुरगाळली. "तीन मारली मी. दोन मोठी. तिसरं लहान होतं. लांबून नुसतं हललेलं दिसलं, मी गोळी घातली. जवळ गेलो तर मादी. एकच शिंग."



"पडताना दुसरं मोडलं असेल, असं म्हटलं मी मनाशी. बघितलं नाही. डोकं तिथेच टाकलं. दोन मोठी गावात वाटली आणि ते लहान घरी ठेवलं. म्हटलं, खाऊन दाखवतो सगळ्यांना. खाल्लं, काकू. हाडंसुद्धा फोडली. आत मगज नव्हता, नुसतं गुलाबी पाणी. तेही प्यालो." त्याने हाताच्या पाठीने तोंड पुसलं. "तेव्हापासून ती मागच्या भिंतीशी येत नाही. मी कान देऊन बसतो. पाय वाजत नाहीत. पोटात काही ठरत नाही माझ्या. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मी कोणाला खाल्लं?"

 म्हातारीचे हात मांडीवर रिकामे पडले होते; विणायला गवताची एक काडीही शिल्लक नव्हती. तिने आगाफोनच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"हरीण खाल्लंस," ती म्हणाली.

"तुम्हीच तर म्हणालात—"

"माझं काय ऐकतोस? बसून बसून डोकं फिरलं म्हातारीचं. हरीण म्हणजे हरीण, आगाफोना. भुकेने दारात येतं. भूक सरली की जातं. तुझी पोर तिकडे आहे, झाडाखाली. तू पुरलीस, मी शेजारी उभी होते. निळा रुमाल बांधला होता तिच्या डोक्याला. तो मीच बांधला होता. तिथून कोणी येत नाही बाळा. आलं असतं तर मला कळलं नसतं का?"

आगाफोन खाली बसला. त्याने डोकं म्हातारीच्या गुडघ्यावर ठेवलं आणि मोठ्याने रडला. तिकडच्या जंगलात, दोन खड्डे एकामागे एक खणताना तो रडला नव्हता. उस्तिन्या त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"ऊठ आता," शेवटी ती म्हणाली. "पाणी तापव, अंघोळ कर आणि झोप. तुझ्या अंगाला माणसाचा वास येत नाही."

तो गेला. मग मावराने विचारलं, "आई, आणि दारात येतो तो?"

"ऐकलंस ना मी काय म्हटलं ते."

"ते तुम्ही त्याच्यासाठी म्हटलंत."

"एकदा म्हटलं की सगळ्यांसाठीच झालं," उस्तिन्या म्हणाली. "त्याला सांगायचं हरीण, आणि आपल्यासाठी मुलगा ठेवून घ्यायचा, असं कसं चालेल?"

मावरा चुलीकडे वळली. आपला या सगळ्यावर कधी विश्वास नव्हता, असं ती स्वतःला सांगत आली होती. मग आता छातीत हे काय तुटलं? रोज दुपारी दार उघडण्याआधी आपण केस नीट करत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. हातातली वाटी तिने खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पायरीपाशी टक् असा आवाज झाला. उस्तिन्याने खिडकीकडे बघितलं नाही. मावराने दार उघडलं. द्यायला काहीच नव्हतं. तिने रिकामा हात पुढे केला, नराने तो हुंगला, त्याचा श्वास कोमट होता. मग तिने दार लावून घेतलं. तो घराभोवती फिरला. पायांचा आवाज भिंतीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि टेकडीच्या दिशेने विरत गेला.

---

त्याच रात्री बर्फावर पाऊस पडला आणि वर कडाक्याची थंडी आली. सकाळी सगळं बेट काचेखाली गेलं होतं. खूर आपटून ती काच फुटणं शक्य नव्हतं, आणि फुटली तरी खाली खडीच. गावात एकही हरीण आलं नाही. भिंतींशी कोणी उभं नव्हतं. लोक बाहेर पडायचे, थांबायचे, कानोसा घ्यायचे आणि मान खाली घालून पुढे जायचे. पडवीत टांगलेलं मांस एकेका घराने खाली काढून शिजवलं. 

आकाश मोकळं झालं तेव्हा साहेबाने आगाफोनला किती जनावरं उरली ते बघून यायला सांगितलं. तो मावराच्या दाराशी थांबला.

"वहिनी, कळप वादळात कुठल्या घळीत उतरायचा ते तुम्हाला ठाऊक असेल. फेओफान न्यायचा ना तुम्हाला?"

"चल," मावरा म्हणाली आणि शाल घेतली.

उत्तरेच्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला एक खोलगट जागा होती. तिथे ती होती. एकमेकांना टेकून, पाय पोटाशी घेऊन, काही नुसती बसल्यासारखी. पाठींवर बर्फ गोठलेला. कोल्हे आधीच येऊन गेले होते. माणसांची चाहूल लागताच दोन कोल्हे सावकाश उठून बाजूला झाले, घाई नसल्यासारखे.

फाटक्या कानाचा नर काठावर होता, सगळ्यांत वरच्या बाजूला. मावरा त्याच्यापाशी बसली. तोंडावरचा बर्फ तिने हाताने झाडला. डोळे नव्हते. तिने पुन्हा थोडा बर्फ ओढून तिथे ठेवला.

"वहिनी!" खालून आगाफोन ओरडला. "वहिनी, इकडे या!"

तो गुडघ्यांवर बसला होता. त्याच्यासमोर एक छोटी मादी पडली होती. उजवीकडे एक शिंग, आणि डावीकडे जुना, झिजून गुळगुळीत झालेला खुंट. अंगावर गोळीची खूण नव्हती.

"ही ती," आगाफोन म्हणाला. "हीच भिंतीशी उभी राहायची. तो खुंट मी रोज बघायचो. ही इथे आहे, वहिनी. मी हिला नाही..." तो हसला. भलतंच हसू होतं ते, मावराला त्याचा हात धरावासा वाटला. मग तो हरणाच्या मानेखाली हात घालून त्याला उचलू लागला.

"काय करतोस?"

"हरीणच आहे हे. मला माहीत आहे."

"हो."

"काकूंनी सांगितलं आणि मला पटलं."

"हो रे."

"तरीपण," तो म्हणाला.

मावराने मागचे पाय उचलून त्याच्या खांद्यावर दिले. उपाशी जनावर, वजन असं नव्हतंच. जाताना आगाफोन काठापाशी थांबला आणि फाटक्या कानाच्या नराकडे बघून म्हणाला, "त्याला?"

"राहू दे," मावरा म्हणाली. "इथे वारा आहे."

स्मशानाच्या कुंपणाबाहेर जमीन दगडासारखी गोठली होती. त्यांनी आधी लाकडं जाळली, मग कुदळ चालवली, मग पुन्हा जाळली. गावातले लोक लांब उभे राहून बघत होते. साहेबही आला, काहीतरी विचारणार होता, पण न विचारताच त्याने अंगातला कोट काढला आणि एक फावडं घेतलं. उजेड उतरत आला तेव्हा उस्तिन्या काठी टेकत तिथे पोचली. तिने खड्ड्यात डोकावून बघितलं. नाव घेतलं नाही.

"अजून खणा," ती म्हणाली. "कोल्हे आहेत."

त्यांनी अजून खणलं.

---

उत्तरेच्या कड्यांकडे मोजकी हरणं जगली होती असं वसंतात कळलं. पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत तीही गेली. टेकड्यांवर दगडफूल परत येतंय का ते बघायला मावरा अधूनमधून वर जायची; एखाद्या खडकाच्या बेचक्यात नखाएवढा पांढरा ठिपका दिसायचा, एवढंच. उस्तिन्या त्यानंतर बरीच वर्षं होती, पण मेलेल्यांबद्दल बोलायची ती फक्त चर्चमध्ये, सगळ्यांसोबत, ठरलेल्या दिवशी.

त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात सील आले. किनारा त्यांच्या आरोळ्यांनी भरून गेला आणि गाव कामाला लागलं. जमिनीतला बर्फ वितळला तशी कुंपणाबाहेरची ती जागा खचली, मध्ये पाणी साचलं. एका सकाळी आगाफोनने समुद्रकाठची वाळू आणि माती घमेल्याने आणून तिथे ओतली, बुटांनी दाबली, आणि कामाचा सायरन वाजल्यावर घमेलं तिथेच पालथं ठेवून कामावर गेला.